सिस्टर, ‘घर बंद’ या शेऱ्याबद्दल

प्रिय सिस्टर,

काल तुमच्या सूनबाईंनी फोन घेतला. आई शेतावर गेल्यात म्हणाल्या, गुडघा बरा आहे म्हणाल्या, आणि मग जरा अडखळत म्हणाल्या, ‘मुंबईहून कुणी बोलावलं तर येणार नाही असं सांगून ठेवलंय त्यांनी.’ म्हणून हे पत्र. फोन तुम्ही टाळाल, पत्र तुम्हाला टाळता येणार नाही. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडीसुद्धा उलगडून शेवटपर्यंत वाचणारी बाई तुम्ही. इतकी वर्षं बरोबर काम केल्यावर एवढं तर मी ओळखतेच ना?

मी तुमच्यावर रागावले आहे. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. २०२२च्या डिसेंबरात आपण दोघी आरोग्य केंद्राच्या पायरीवर चहा पीत होतो. तेव्हा तुम्ही एक वाक्य बोललात आणि पुन्हा त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. ‘माझ्याच यादीतलं पोर होतं, डॉक्टर.’ एवढंच. मग कप विसळलात, व्हॅक्सीन कॅरियर खांद्याला लावलात आणि बैगनवाडीच्या दिशेने चालू लागलात. पुढे निवृत्त झालात. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी तुमचं कौतुक केलं, तुम्ही शाल घेतलीत आणि मान खाली घालून बसून राहिलात. ते कौतुक तुम्ही गावी नेणार नाही, ते वाक्यच नेणार, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

गोवराने गेलेल्या त्या पोराचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते पाठ आहे. लस द्यायच्या मुलांच्या तुमच्या यादीत, ड्यू लिस्टमध्ये, त्याच्या नावापुढे तीन वेळा एकच शेरा होता, ‘घर बंद’. तीन निरनिराळ्या तारखा, तिन्ही तुमच्याच हस्ताक्षरात. तुम्ही त्या शेऱ्याचं स्वतःविरुद्धचं आरोपपत्र करून ठेवलं आहे. मी ते पान पाहते तेव्हा मला एवढंच दिसतं, की कुणीतरी तीनदा तो जिना चढलं होतं. गोवंडीतला तो लोखंडी जिना, उभा, बिनकठड्याचा. खांद्यावर चार आइसपॅकचा कॅरियर, आणि गुडघा तेव्हाही दुखत होताच. तुमच्याशिवाय त्या दाराशी दुसरं कोण गेलं होतं, सिस्टर? नाव सांगा मला.

२०२२चा तो ऑक्टोबर आठवतो? महिनाअखेरीला रफीनगरात एकाच घरातली तीन मुलं दोन दिवसांत गेली आणि मग सगळ्यांना गोवंडी नावाचं काही आहे याची आठवण झाली. नोव्हेंबरात केंद्र सरकारचं पथक आलं, कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या मुलांसाठी खाटा वाढल्या, पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावहून तशाच बातम्या यायला लागल्या. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाला एक जादा डोस द्यायचं ठरलं, आणि जिथे अगदी तान्ह्या बाळांनाही गोवर होत होता तिथे सहा महिन्यांपासूनच. तुम्ही तेव्हा कितीला घरी जात होता? मानखुर्दहून शेवटच्या गाड्या पकडायचात तुम्ही. रोज घरोघर ताप आणि पुरळ शोधायचं, ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाजायचा, दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला पुन्हा शोधून दुसरा डोस पाजायचा. कुपोषित मुलाला गोवर झाला की आधी डोळ्यांची आणि फुफ्फुसांची काळजी करायची, हे तुम्ही नव्या मुलींना चालता चालता शिकवत होता.

त्याच दिवसांत टीव्हीवर एक वाक्य सारखं फिरत होतं: ‘वस्तीत लसीला विरोध.’ तुम्ही ते ऐकून फणकारला होता. ‘विरोध कसला? नाही म्हणणारी घरं मला बोटांवर मोजता येतात. बाकीची राहून गेलेली आहेत.’ तुमच्या तोंडून मी ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत मला हीच सर्वांत मोलाची वाटते, आणि ती अजून कुठल्या चर्चेत मला भेटलेली नाही. लसीकरणावर वाद सुरू झाला की दोन बाजू मांडल्या जातात, लस मानणारे आणि न मानणारे. राहून गेलेल्या मुलाची बाजू कोण मांडणार? त्याचे आईबाप लसीच्या विरोधात नाहीत, बाजूनेही घोषणा देत नाहीत. ते त्या दिवशी कामावर होते.

आणि २०२०, २०२१ ही वर्षं? तुम्हाला सगळ्यांना करोनाच्या कामाला जुंपलं. लसीकरणाची सत्रं कितीतरी आठवडे झालीच नाहीत. वस्तीतले लोक मिळेल त्या वाहनाने उत्तर प्रदेशात, बिहारात गेले. परत आले ते दुसऱ्याच गल्लीत, दुसऱ्याच मालकाच्या खोलीत, कडेवर गावी जन्मलेलं बाळ घेऊन. त्या बाळाचं कार्ड कुठे आहे? गावी राहिलं. पहिली लस झाली का? झाली असेल. पोराच्या वयाचा, लसीचा अंदाज तुम्ही आईच्या आठवणींवरून काढायचात: ‘ईद के पहले हुआ था या बाद में?’ अशी एकेक करून मुलं साठत गेली. गोवराचा विषाणू असल्या साठ्याचीच वाट पाहत असतो. एका आजारी मुलाजवळ लस न घेतलेली दहा मुलं असली तर नवांना तो गाठतो. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकून राहतो. अंगावर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून मूल तो इतरांना देत असतं, म्हणजे आई ओळखेपर्यंत शेजारच्या तीन खोल्यांत तो पोचलेला असतो. म्हणून तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं राहतात तिथे हे गणित किती कठोर होतं, ते तुम्ही मला शिकवलंत, मी तुम्हाला नव्हे.

मग सांगा, हा सगळा साठा तुमच्या एका वहीतल्या तीन शेऱ्यांनी तयार झाला? तुमच्या बरोबरीच्या जागा रिकाम्या होत्या. एका एएनएमने, म्हणजे एका परिचारिकेने, दोघींचं काम करायचं, वर अहवाल वेगळे. सत्राची वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, आणि तीच वेळ वस्तीतल्या बायकांची चेंबूरला धुणीभांडी करायची. संध्याकाळी सत्र लावू द्या म्हणून तुम्ही अर्ज दिला होता ना? त्याचं उत्तर आलं का कधी? सगळ्यांनी मिळून बंद ठेवलेल्या दाराचं कुलूप तुम्ही एकट्या गळ्यात अडकवून गावी, पाटणला घेऊन गेलात, याचा मला राग आहे.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही जे करत होता ते तुम्ही कुठे लिहून ठेवलं नाही, कुणाला सांगितलं नाही. पत्रकार आले तर ‘वरिष्ठांना विचारा’ म्हणून आत निघून जायचात. त्यामुळे मला आठवतं ते मीच इथे लिहिते आहे. चुकलं तर लाल शाईने दुरुस्त करून पाठवा.

लस टोचून झाली की तुम्ही आईला अर्धा तास बसवून घ्यायचात आणि तुमच्या त्या कऱ्हाडी वळणाच्या हिंदीत सांगायचात, की आज रात्री फारसं काही होणार नाही, पण आठवड्याभराने, आठव्या-दहाव्या दिवशी अंग गरम होईल, थोडं बारीक पुरळही येईल, तेव्हा घाबरू नको, दोन दिवसांत उतरेल. आणि नंबर लिहून द्यायचात. स्वतःचा. मी विचारलं होतं, आधीच सांगून कशाला घाबरवता? तुम्ही म्हणालात, ‘न सांगता ताप आला तर मी खोटी ठरते. सांगितलेला ताप आला तर खरी ठरते.’ नवव्या दिवशी खरंच ताप यायचा आणि त्या घरात तुमच्या शब्दाला वजन यायचं. दुसऱ्या डोसला, मूल सोळा महिन्यांचं झाल्यावर, तीच आई धाकट्या जावेलाही बरोबर घेऊन यायची.

आणि तो बाप, रिक्षावाला, ज्याने तुम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं? सगळ्यांनी त्याला ‘रिफ्यूजल’ म्हणून टाकलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी रात्री नऊला गेलात आणि लसीचं नावही काढलं नाहीत. मोठ्या मुलाला पेंटाव्हॅलंट लसीची सुई दिली होती तेव्हा काय झालं होतं, एवढंच विचारलंत. तर गोष्ट बाहेर आली. मूल रात्रभर रडलं, बायकोला एकटीला सांभाळेना, सकाळी त्याने रिक्षा काढली नाही, मालकाचं भाडं अंगावर पडलं. त्याच्या नकारात ना धर्म होता ना अफवा, एक बुडलेली रोजी होती. तुम्ही त्याला म्हणालात, ‘शनिवारी दे, रविवारी तू घरी असतोस.’ शिवाय गोवराच्या लसीचा ताप त्याच रात्री येत नाही, हेही समजावलंत. पोर शनिवारी आलं.

अफवा नव्हत्या असं मी म्हणत नाही. २०१८च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, राज्यभरातल्या तीन कोटींहून अधिक मुलांना लस द्यायची होती, आणि व्हॉट्सॲपवर काय काय फिरत होतं! या लसीने मुलं पुढे निपुत्रिक होतील, आपल्याच समाजाच्या मुलांना का देताहेत, नावं कशाला लिहून घेताहेत. प्रत्यक्षात सरकारी, खासगी, मराठी, इंग्रजी, उर्दू, सगळ्याच शाळांत तीच लस दिली जात होती. तेव्हा मशिदीतून आवाहन करायला मौलाना तयार झाले आणि आम्ही सगळे हुश्श म्हणालो. तुम्ही मात्र म्हणालात, ‘मौलानांनी सांगितलं की पहिलं दार उघडतं. दुसऱ्या डोसला मलाच जावं लागतं.’

बेळगावची गोष्ट मी सगळ्यांना सांगते, तुमचं नाव न घेता. जानेवारी २०२२मध्ये बेळगाव जिल्ह्यात गोवर-रुबेलाची लस घेतलेली तीन बाळं दगावली. लस साठवण्यात आणि हाताळण्यात अक्षम्य हलगर्जी झाल्याचं समोर आलं. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. ती मुलं वाचली. वस्तीतल्या एका तरुण आईने मोबाइल पुढे करून तुम्हाला विचारलं, हे खरं आहे का? बरोबरची स्वयंसेविका घाईने ‘झूठ है, सब झूठ’ म्हणायला लागली. तुम्ही तिला थांबवलंत. ‘खरं आहे. तीन बाळं गेली.’ मी तिथे होते, सिस्टर, आणि माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, गेलं आता हे घर. तुम्ही खाली फरशीवर बसलात. बाटली फोडण्याआधी तिच्यावरचा तो वर्तुळातला चौकोन दाखवलात, उन्हात राहिली असती तर हा काळा पडला असता म्हणालात. तिच्यासमोर बाटली उघडून त्याच लसीबरोबर आलेलं द्रावण मिसळलंत, सुई सीलबंद पाकिटातून काढलीत, लेबलवर पेनने वेळ लिहिलीत, साडेदहा. ‘अडीच वाजता ही बाटली मी टाकून देणार, आत लस उरली तरी. चार तासांच्या वर ठेवायची नसते. ठेवली तर विषारी होऊ शकते. तिकडे तेच चुकलं.’ मग गप्प बसलात. घड्याळाकडेही पाहिलं नाहीत. तिने बाळाची बाही वर केली, उजवा दंड पुढे केला.

त्या दिवशी त्या गल्लीत दुसरं मूल नव्हतं. एका बाळासाठी अख्खी बाटली उघडलीत म्हणून वाया गेलेल्या डोसांचा खुलासा तुम्हाला द्यावा लागला. तोही तुम्ही दिलात. काय लिहिलं होतं त्यात? ‘मूल आले होते.’ तीन शब्द. मला ते तीन शब्द फ्रेम करून लावावेसे वाटतात.

हे सगळं आत्ता का आठवतंय, ते सांगते. आमच्या चेंबूरच्या सोसायटीत एक तरुण जोडपं आहे. मुलगी सव्वा वर्षाची. गोवराचा एकही डोस नाही. घरात फ्रिज आहे, गाडी आहे, दवाखाना खाली कोपऱ्यावर आहे, म्हणजे राहून गेलेली नाही, ठरवून ठेवलेली आहे. तो म्हणतो, शरीराची नैसर्गिक प्रतिकारशक्ती वाढू द्यायची. मी त्याला २०१९चं संशोधन सांगितलं. नेदरलँड्समधल्या सत्त्याहत्तर मुलांचं रक्त गोवर व्हायच्या आधी आणि नंतर तपासलं, तर इतर आजारांविरुद्ध शरीराने आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. गोवर होऊन गेला की शरीराची पाटी पुसली जाते; न्यूमोनिया, जुलाब, सगळ्यांशी पुन्हा नव्याने झगडावं लागतं. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून गोवर होऊ देण्यासारखी उलटी गोष्ट नाही. तो विचारात पडला, असं मला वाटलं.

तिचं वेगळं होतं. ती मला ऑटिझमबद्दलचे व्हिडिओ पाठवत राहिली. मी उत्तरं देत राहिले. १९९८मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफिल्डचा बारा मुलांवरचा लेख आला, २०१०मध्ये तो नियतकालिकाने मागे घेतला, त्याच वर्षी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून त्याचं नाव काढून टाकलं गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला, लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण जास्त आढळलं नाही. ती हे सगळं वाचून ‘थँक यू मॅम’ लिहायची आणि पुढच्या आठवड्यात नवा व्हिडिओ यायचा. मग मला तुमचा रिक्षावाला आठवला. मी खाली बागेत तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, तुला नक्की कशाची भीती वाटते? बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, भावाचा मुलगा ऑटिस्टिक आहे. वहिनीला वर्षानुवर्षं लोक विचारतात, तू काय केलंस, काय खाल्लंस, काय टोचलंस. ‘माझ्या मुलीचं काही झालं तर मला कुणी तसं विचारू नये म्हणून मी काहीच करत नाही.’

काय बोलणार? तुम्ही काय बोलला असतात? खरंच विचारते आहे. एवढंच म्हणाले, की वहिनीने काही केलेलं नव्हतं. ती रडली. लस अजून घेतलेली नाही. आठवड्याने पुन्हा भेटू म्हणाली आहे, आणि मी तिचा पिच्छा सोडणार नाही.

तिच्या सासूबाई मात्र मला जड जातात. ‘आमच्या वेळी सगळ्यांना गोवर व्हायचा, कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवायचा, घरात फोडणी द्यायची नाही, उतरायचा आपोआप.’ हे ऐकताना मला तुमची आई आठवते, जिला मी कधी पाहिलं नाही. तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात, ‘आईची सात बाळंतपणं, आम्ही पाच.’ मी पुढचं विचारलं तेव्हा एकच शब्द: गोवर. ‘सगळ्यांना व्हायचा’ असं सांगायला जे उरतात ते सगळे त्यातून वाचलेलेच असतात. १९६३मध्ये लस येण्यापूर्वी जगात दर वर्षी सुमारे सव्वीस लाख माणसं, बहुतेक सगळी मुलंच, गोवराने मरत होती. आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस १९८५मध्ये आली. तुमच्या आईच्या त्या दोन मुलांना ती मिळायला फार उशीर झाला होता. आता ती पुण्यात हडपसरला बनते, तिथून जगभर जाते, आणि आमच्या सोसायटीतल्या एका सव्वा वर्षाच्या मुलीच्या दंडापर्यंत पोचत नाही.

टेक्सासची बातमी तुमच्यापर्यंत आली का? २०२५च्या जानेवारीत तिथल्या गेन्स परगण्यात सुरू झालेली साथ ऑगस्टमध्ये संपली तोवर साडेसातशेहून जास्त रुग्ण झाले. सहा आणि आठ वर्षांच्या दोन मुली गेल्या, दोघींनाही लस दिलेली नव्हती. ज्या देशाने २००० साली गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं, तिथे हे झालं. शेजारच्या कॅनडाने तर तो दर्जाच २०२५मध्ये गमावला. मी त्या बातम्या वाचत असताना सारखं वाटत होतं, तिथे तीनदा जिना चढायला कुणी होतं का? वाद घालायला दोन्हीकडे भरपूर माणसं होती. तिथल्या मेनोनाइट पंथाच्या कुटुंबांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या बोलीत, फरशीवर बसून बोलायला कुणी गेलं असेल तर फार बरं वाटेल मला.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची की नाही यावर बरेच दिवस विचार केला. त्या पोराची आई मला भेटली. कामाला जाता जाता केंद्रात आली होती, धाकटीचा दुसरा डोस होता. तिने तुमची चौकशी केली. मी म्हटलं, गावी असतात. ती म्हणाली, ‘बाजी आयी थी, पडोसन ने बताया था. हम काम पे थे. मेरी ही गलती है.’ ऐकलंत? ती स्वतःला दोष देते आहे, तुम्ही स्वतःला. बंद दाराच्या बाहेर तुम्ही होता आणि ती चेंबूरला कुणाची तरी फरशी पुसत होती. तुम्हा दोघींपैकी कुणीच सत्राची वेळ ठरवली नव्हती. रिकाम्या जागा भरायचं काम तुम्हा दोघींचं नव्हतं. तिला मी समजावू शकले नाही. तुम्ही समजावाल. पण आधी तुम्हाला ते पटलेलं असायला हवं ना?

तर आता कामाचं. गोवर आणि रुबेला २०२६पर्यंत हद्दपार करायचं आपल्या देशाने ठरवलं आहे. ही मुदत आधी २०२० होती, मग २०२३ झाली, हे तुम्ही मला सांगू नका, मला माहीत आहे. आपल्या भागात नव्या स्वयंसेविका आल्या आहेत. बहुतेकींचं लग्न नुकतं झालेलं, फोन हातात, हुशार मुली. त्यांना वेळापत्रक पाठ आहे, नऊ महिने, सोळा ते चोवीस महिने, सगळं धडाधड सांगतात. नकार मिळाला की मात्र पुढच्या दारी जातात. मला त्यांना तुमच्याबरोबर दोन दिवस गल्लीत फिरवायचं आहे. भाषण नको. तुम्ही चालायचं, त्यांनी मागून चालायचं. जिने चढायचे नाहीत, ते त्या चढतील.

कोयना एक्स्प्रेसचं कराडपासूनचं तिकीट मी काढते, दादरला घ्यायला येते, आमच्याकडेच उतरायचं. तुमच्या त्या खाकी कव्हरच्या वह्या आठवणीने आणा. ड्यू लिस्ट नव्हे, त्या तुमच्या स्वतःच्या, ज्यांत तुम्ही कुठल्या घरी माणूस कधी भेटतं ते लिहून ठेवायचात: सकाळी सातच्या आत, जुम्म्याला दुपारी, रात्री नऊनंतर, फक्त रविवारी. संध्याकाळच्या सत्राचा अर्ज मी पुन्हा लिहायला घेतला आहे आणि त्याला जोडायला त्या वेळांसारखा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. किती घरं दहा ते दोनमध्ये बंद असतात, हे त्या वह्यांतून मोजून काढू आणि या वेळी उत्तर आल्याशिवाय मी वरिष्ठांच्या केबिनबाहेरून हलणार नाही.

तुमची,
डॉक्टर

ता. क. गुडघ्याचे एक्स-रे काढलेले असतील तर तेही आणा. आमच्या सोसायटीत हाडांचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू.